चूक कंपायलरची की आपली? : ‘कॉन्स्ट’ या एका शब्दाविषयी

मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि वस्तू यांच्या नात्याविषयी बोललो. एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात, आणि एका नावाने जे दिसतं ते दुसऱ्या नावाने दिसेलच असं नाही, इथवर आपण आलो होतो. याचं एक उदाहरण संगणकाच्या प्रोग्रॅममधून घेऊ, असं आम्ही शेवटी म्हणालो. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने कंपायलरच्या भानगडीत कशाला पडायचं?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही प्रोग्रॅमर नव्हे. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. पण दोन वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एक फोन आला आणि पुढचे दोन महिने आम्ही या विषयात अडकलो. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे, आणि हकीकतीच्या निमित्ताने विषय समजावून घ्यायचा आहे.

फोन आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. बी. ए.ला तिने तत्त्वज्ञान घेतलं, नंतर संगणकाकडे वळली. दूध संकलन केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर ती लिहिते. ज्यांनी गावातलं डेअरीचं केंद्र पाहिलंय त्यांना हे ठाऊक आहे: शेतकरी सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येतो, दुधाचं माप होतं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ दिसतात, त्यावरून दर निघतो आणि हातात पावती पडते. दहा दिवसांनी या पावत्यांवरून बिल होतं. एका केंद्रावर एका आजींनी पावती हातात धरून विचारलं, ‘पाटीवर पस्तीस अन् पावतीवर चौतीस. मधला रुपया कुणी खाल्ला?’ केंद्रचालकाला उत्तर देता येईना. कारण पाटीवरचा, म्हणजे पडद्यावरचा मूळ दर आणि पावतीवरचा मूळ दर हे दोन्ही आकडे प्रोग्रॅममधल्या एकाच जागेवरून येत होते.

आमची विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, मेमरीत एक पत्ता आहे. पडदा तिथूनच वाचतो, पावतीही तिथूनच वाचते. मी दोन्ही ठिकाणी पत्ता छापून बघितला, तोच आहे. पण किंमत एकदा ३५ येते, एकदा ३४. एकाच पत्त्यावर एकाच वेळी दोन किमती कशा असतील? हा कंपायलरचा बग आहे. मी त्यांना कडक मेल पाठवलाय.’

आम्ही विचारलं, ‘अगं, पण ती जागा बदलते कोण?’

ती म्हणाली, ‘कुणीच नाही, सर. ती कॉन्स्ट आहे.’

हा ‘कॉन्स्ट’ शब्द म्हणजे काय, तिथून सुरुवात करू.

कंपायलर म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असेल, तरी एका वाक्यात सांगतो. माणूस ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो ती भाषा यंत्राला कळत नाही; तिचं यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. पण तो नुसता भाषांतरकार नाही, तपासनीसही आहे. लिहिलेलं नियमांत बसत नसेल तर तो भाषांतरच नाकारतो.

आता सी प्लस प्लस या भाषेकडे येऊ. ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप हे डेन्मार्कचे गृहस्थ. अमेरिकेत न्यू जर्सीला बेल लॅब्समध्ये त्यांनी १९७९ साली ‘सी विथ क्लासेस’ या नावाने काम सुरू केलं. १९८३ मध्ये त्याचं नाव सी प्लस प्लस झालं. १९८१ च्या सुमारास त्यांनी एक सूचना मांडली होती: ‘इथे फक्त वाचायचं, लिहायचं नाही’ असं सांगणारा शब्द भाषेत असावा. त्यांनी सुचवलेला शब्द होता ‘रीडओन्ली’, म्हणजे केवळ वाचनासाठी. त्याच्या जोडीला ‘राइटओन्ली’ही होता. बेल लॅब्समधल्या लोकांनी पहिली कल्पना उचलली, दुसरी सोडून दिली आणि पहिलीचं नाव बदलून ‘कॉन्स्ट’ ठेवलं. तो शब्द पुढे १९८९ च्या प्रमाणित सी भाषेतही आला.

हे नामकरण लक्षात ठेवा, बरं का. ‘केवळ वाचनासाठी’ हे वाचणाऱ्याविषयीचं विधान आहे. ‘कॉन्स्ट’, म्हणजे स्थिर, हे वस्तूविषयीचं विधान वाटतं. आशय पहिला आणि नाव दुसरं, अशी ही जोडी जमली. आमच्या मते पुढचे अर्धे घोटाळे इथून सुरू होतात.

एक साधं उदाहरण घेऊ. ग्रंथालयात हस्तलिखित आहे. तुम्हाला ते काचेच्या पेटीतून बघायला मिळतं. तुमच्यापुरतं ते कॉन्स्ट आहे. पण आतल्या खोलीत संवर्धन करणारा माणूस त्याच हस्तलिखिताचं पान चिकटवतोय. तुम्ही काही बदललं नाही, तरी उद्या तुम्हाला पान बदललेलं दिसेल. इथे कोणाचा नियम मोडला का? नाही. तुम्ही शब्द दिला होता की मी हात लावणार नाही. कोणीच हात लावणार नाही, असा शब्द कोणी दिलाच नव्हता.

आता दुसरी गोष्ट बघा. एखादा शिलालेख आहे. तो कोरतानाच ठरलंय की यात कोणी, कधीही, काही बदलायचं नाही. हाही कॉन्स्टच. सी प्लस प्लसमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात. वस्तू निर्माण करतानाच कॉन्स्ट म्हटलं तर तो शिलालेख. आणि एरवी बदलता येणाऱ्या वस्तूकडे कॉन्स्ट रेफरन्सने किंवा कॉन्स्ट पॉइंटरने पाहिलं तर ती काचेची पेटी. या दोन अर्थांतला फरक हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री प्रोग्रॅमिंगमध्ये याला आणखी एक पदर येतो. इथे वस्तू नुसती पडून नसते, तिला तिची कामं असतात. ‘दरपत्रक’ नावाचा एक क्लास आहे असं समजा. त्याची दोन कामं, म्हणजे दोन फंक्शन्स: ‘दर वाच’ आणि ‘दर बदल’. ‘दर वाच’ या फंक्शनच्या कंसानंतर ‘कॉन्स्ट’ असा शब्द लिहितात. याचा अर्थ, हे काम करताना मी माझ्या वस्तूत बदल करणार नाही. ‘दर बदल’च्या मागे हा शब्द नसतो. आता समोर कॉन्स्ट दरपत्रक असेल तर कंपायलर फक्त पहिलं काम करू देतो, दुसऱ्याला नकार देतो. सर्व प्रोग्रॅमभर ही शिस्त पाळणं, जो फक्त वाचतो त्याच्या हाती फक्त वाचण्याचाच अधिकार देणं, याला कॉन्स्ट-शुद्धता म्हणतात. कंसामागच्या या ‘कॉन्स्ट’ची सोय १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

(सभागृहातून प्रश्न: बदल म्हणजे नेमकं काय? वाचताना मोजणी वाढवली तर तो बदल धरायचा का?)

छान विचारलंत. आमच्याकडे हा प्रश्न फार जुना आहे: कोणता बदल झाला तर वस्तू बदलली असं म्हणायचं? दरपत्रक आज किती वेळा वाचलं गेलं, याची नोंद त्याच वस्तूत ठेवली आहे असं समजा. वाचलं की नोंद एकने वाढली. मेमरीतले बिट बदलले. पण दर बदलला का? नाही. तेव्हा एक झाली बिटांच्या पातळीवरची स्थिरता आणि दुसरी अर्थाच्या पातळीवरची. कंपायलर बिटांची पातळी तपासतो, अर्थ त्याला कळत नाही. म्हणून भाषेत ‘म्यूटेबल’ असा शब्द ठेवला आहे. त्याने प्रोग्रॅमर सांगतो की हा भाग बदलला तरी वस्तू बदलली असं धरू नका. ही जबाबदारी मग माणसाची. त्यातही एक अट आहे: दोन जण एकाच वेळी वाचत असतील तर ती नोंद वाढवताना गोंधळ होता कामा नये. २०११ च्या मानकानंतर कॉन्स्ट म्हटलं की अनेकांना एकाच वेळी वाचायला सुरक्षित, अशी अपेक्षा जाणकार करतात.

आता आपल्या विद्यार्थिनीच्या दुकानात परत जाऊ. मूळ दर ३५, तो प्रोग्रॅममध्ये कॉन्स्ट म्हणून निर्माण केलेला. म्हणजे शिलालेख. कंपायलरने काय केलं? त्याने विचार केला, हे कधीच बदलणार नाही असं मला सांगितलंय. मग दर वेळी जाऊन वाचायचं कशाला? पडद्याच्या भागात जिथे जिथे ‘मूळ दर’ लिहिलं होतं, तिथे त्याने सरळ ३५ हा आकडाच घालून टाकला. हे त्याच्या हक्कात आहे. पावतीच्या भागाकडे मात्र त्या जागेचा पत्ता गेला होता. तो भाग खरोखर त्या पत्त्यावर जाऊन वाचत होता. आणि तिथे ३४ होते.

म्हणजे एका पत्त्यावर दोन किमती नव्हत्याच. पत्त्यावर एकच किंमत होती, ३४. पडदा पत्त्यावर जातच नव्हता. तो दिलेल्या शब्दावर विसंबून बोलत होता.

पण मग ३४ तिथे लिहिले कोणी? आम्ही तिला म्हटलं, ‘प्रोग्रॅममध्ये कॉन्स्ट काढून टाकणारी एखादी ओळ आहे का, ते शोध.’ सी प्लस प्लसमध्ये तशी सोय आहे, तिला ‘कॉन्स्ट कास्ट’ म्हणतात. काचेची पेटी उघडायची किल्ली समजा. आतली वस्तू मुळात बदलता येण्यासारखी असेल तर ही किल्ली वापरून बदल करणं नियमात बसतं. चांगली सवय नव्हे, पण बसतं. मात्र आतला शिलालेख असेल तर त्यात बदल करणं हे, मानकाच्या भाषेत, ‘अव्याख्यात वर्तन’. म्हणजे त्यानंतर प्रोग्रॅम काय करेल याची कोणतीही हमी भाषा देत नाही. ३५ दिसेल, ३४ दिसेल, प्रोग्रॅम बंद पडेल; काहीही झालं तरी कंपायलर दोषी नाही.

तीन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. ओळ सापडली होती. हंगामी दुरुस्तीच्या फंक्शनमध्ये कोणीतरी दर कॉन्स्ट रेफरन्सने घेतला होता, आत किल्ली लावली होती आणि एक रुपया कमी केला होता. शेजारी टीप होती, ‘तात्पुरतं’. आम्ही विचारलं, ‘कुणी लिहिली?’ थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सर, मीच. दोन वर्षांपूर्वी. घाईत होते.’

आणि कंपायलरवाल्यांना कडक मेल आधीच गेलेला.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बघू. कंपायलरचा बग वाटावा पण तो शहाणपणाच निघावा, अशी कॉन्स्टची आणखी एक प्रसिद्ध जागा आहे. एक खण आहे. त्यात कपाटाची चिठ्ठी असते: अमुक कपाट, उघडून सामान बदलण्याचा अधिकार आहे. हा खण तुम्ही दुसऱ्याला देताना म्हणता, ‘यातल्या चिठ्ठ्या तू फक्त बघण्याच्या अधिकाराच्या समज.’ अधिकार कमीच केला, मग यात धोका काय? कंपायलर मात्र हे नाकारतो. लोक चिडतात. पण पुढे बघा. तो दुसरा माणूस, त्याला सांगितल्याप्रमाणे, त्या खणात एका मोहोरबंद कपाटाची ‘फक्त बघण्याची’ चिठ्ठी ठेवतो. त्याच्या दृष्टीने काहीच गैर नाही, खण तसल्याच चिठ्ठ्यांचा आहे. खण परत तुमच्याकडे येतो. तुमच्या हिशेबी यातली प्रत्येक चिठ्ठी बदलाच्या अधिकाराची. तुम्ही ती घेऊन मोहोर फोडता. कुठेही किल्ली वापरली नाही, कोणी खोटं बोललं नाही, आणि शिलालेख बदलला. पॉइंटरच्या पॉइंटरबाबतचा हा नियम जाचक वाटतो, पण प्रत्येक पायरी निर्दोष असूनही शेवट सदोष होऊ शकतो, हे कंपायलर आपल्या आधी ओळखतो.

पण म्हणून कंपायलर आणि भाषा कधी चुकतच नाहीत, असं आम्हाला म्हणायचं नाही. उलट, कॉन्स्टच्याच बाबतीत खुद्द स्ट्राउस्ट्रुप यांनी आपली एक गंभीर चूक मान्य केली आहे. ती समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या सी प्लस प्लसमध्ये बदल करणाऱ्या, म्हणजे कॉन्स्ट नसलेल्या रेफरन्सला तात्पुरती वस्तू देता येत असे. समजा एक फंक्शन आहे, दिलेल्या पूर्णांकात एक मिळवणारं. त्याला तुम्ही दशांश संख्या दिली. कंपायलर काय करायचा? दशांश संख्येची पूर्णांकी नक्कल काढायचा, फंक्शन त्या नकलेत एक मिळवायचं, आणि मग नक्कल फेकून दिली जायची. तुमची संख्या होती तिथेच. तक्रार नाही, सूचना नाही. ज्याला बदलायचं म्हणून दिलं ते बदललंच नाही. केवळ वाचायचं असतं तर नकलेने काही बिघडलं नसतं. वाचणाऱ्याला मूळ काय आणि नक्कल काय, सारखंच. १९८९ च्या आवृत्तीत नियम बदलला: तात्पुरती वस्तू कॉन्स्ट रेफरन्सलाच देता येईल. नंतरही काही कंपायलरांनी जुनी सवलत चालू ठेवली होती, ही गोष्ट वेगळी.

ही झाली भाषेच्या आखणीतली चूक. निखळ कंपायलरची चूक म्हणजे भाषेचा नियम स्पष्ट आहे, आणि कंपायलर त्याप्रमाणे वागत नाही. अशा चुकांचे आम्ही तीन वर्ग करतो. पहिला, शुद्ध प्रोग्रॅम नाकारणं. याचा त्रास होतो, पण तो लगेच कळतो. दुसरा, अशुद्ध प्रोग्रॅम स्वीकारणं. हा त्रास आज होत नाही, पुढे कधीतरी होतो. तिसरा, शुद्ध प्रोग्रॅमचं चुकीचं भाषांतर. हा सर्वांत वाईट, कारण तुमच्या लिखाणात शोधून काही सापडत नाही.

या किती दुर्मिळ आहेत? आम्हाला वाटलं होतं, अगदी क्वचित. तसं नाही. कॉन्स्टचा एक सख्खा भाऊ आहे, ‘व्होलटाइल’. कॉन्स्ट म्हणतो, मी बदलणार नाही. व्होलटाइल म्हणतो, ही जागा तुझ्या नकळत बदलू शकते, तेव्हा दर वेळी खरोखर जाऊन बघ. युटा विद्यापीठातल्या एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी २००८ मध्ये सी भाषेचे १३ कंपायलर या एका शब्दावर तपासले. प्रत्यक्ष उद्योगात वापरले जाणारे कंपायलर, बरं का. तेराच्या तेरा कंपायलरांत कुठे ना कुठे चुकीचं भाषांतर सापडलं. पुढे त्याच विद्यापीठात ‘सीस्मिथ’ नावाचं साधन तयार झालं. ते यदृच्छेने शुद्ध प्रोग्रॅम लिहितं, अनेक कंपायलरांना देतं आणि उत्तरं ताडून पाहतं. २०११ च्या निबंधात त्यांनी सांगितलं की तीन वर्षांत पूर्वी माहीत नसलेल्या ३२५ हून अधिक चुका कळवल्या. फ्रान्समध्ये झाव्हिए लेरॉय यांच्या पुढाकाराने झालेला ‘कॉम्पसर्ट’ हा कंपायलर गणिती सिद्धतेने तपासलेला आहे. इतर सर्व कंपायलरांच्या मधल्या टप्प्यात सापडलेल्या चुका त्याच्या सिद्ध केलेल्या भागात सापडल्या नाहीत. ज्या सापडल्या त्या सिद्धतेच्या बाहेर राहिलेल्या भागांत.

मग विश्वास ठेवायचा कसा? कंपायलर तपासायला दुसरा प्रोग्रॅम, त्याला तपासायला तिसरा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात केन थॉम्पसन यांनी दाखवलं की कंपायलरमध्ये अशी लबाडी पेरता येते की कंपायलरचा मूळ मजकूर कितीही वाचला तरी तिचा मागमूस लागत नाही, आणि तोच कंपायलर पुढच्या पिढीच्या कंपायलरमध्ये ती लबाडी उतरवत राहतो. आमच्या परंपरेत याला अनवस्था म्हणतात: आधाराला आधार, त्याला आणखी आधार, आणि शेवट नाही.

या अनवस्थेवर मीमांसकांनी, विशेषतः कुमारिल भट्टांनी, एक उत्तर दिलं आहे, आणि ते इथे फार उपयोगी पडतं. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे हे बाहेरून पडताळावं लागतं, हे परतःप्रामाण्य. मीमांसक म्हणतात, प्रत्येक ज्ञान बाहेरून पडताळायचं ठरवलं तर तुम्ही कधीच कुठे पोचणार नाही. ज्ञान झालं की ते खरं धरा, हे स्वतःप्रामाण्य. पण ते कायमचं नव्हे. दोन गोष्टी घडल्या तर ते मागे घ्या. एक, त्याच्या विरुद्ध जाणारं ज्ञान समोर आलं, त्याला बाधक ज्ञान म्हणतात. दोन, ज्या साधनाने ज्ञान झालं त्यातच दोष आहे असं कळलं, तो कारणदोष. डोळ्याला कावीळ आहे असं कळलं की पिवळा शंख खरा मानायचा नाही.

आता बघा. आजींची पावती हे बाधक ज्ञान होतं. पडदा ३५ म्हणतो, पावती ३४ म्हणते, दोन्ही खरे असू शकत नाहीत. तेव्हा शंका घेणं योग्यच. पण विद्यार्थिनीने काय केलं? बाधक ज्ञान मिळताच सरळ कारणदोषावर उडी मारली: साधनच खराब आहे. दोहोंच्या मध्ये एक पायरी असते, ती तिने गाळली. मी साधनाला जे सांगितलं ते खरं होतं का? तिने कंपायलरला सांगितलं होतं की हे बदलणार नाही, आणि दुसरीकडे तिनेच ते बदललं होतं.

हकीकत इथे संपली असती तर ‘आपलं आधी तपासा’ एवढा बोध घेऊन आपण घरी गेलो असतो. पण ती इथे संपली नाही.

चूक कळल्यावर तिने तो भाग नव्याने लिहिला. दरपत्रकाचा नीट क्लास केला, ‘दर वाच’ला कॉन्स्ट लावलं, किल्ली काढून टाकली. आणि आता शहाणी झाली होती म्हणून तोच प्रोग्रॅम तिने तीन वेगवेगळ्या कंपायलरांना दिला. दोघांनी एका ओळीवर नकार दिला. तिसऱ्याने, म्हणजे केंद्रावरच्या छोट्या यंत्रासाठी ती वापरत असलेल्या जुन्या कंपायलरने, निमूट स्वीकारला. ती ओळ अशी होती: ‘दर बदल’ या फंक्शनचा पत्ता आधी एका ठिकाणी साठवलेला, आणि नंतर त्या पत्त्यावरून ते कॉन्स्ट दरपत्रकावर चालवलेलं. नावाने बोलावलं असतं तर हाच कंपायलर नाही म्हणाला असता. पत्त्यावरून बोलावलं तर कॉन्स्ट तपासायला विसरत होता. पुढच्या दारावर पहारा, मागचं दार उघडं. आपण मघाशी केलेल्या वर्गांतला हा दुसरा वर्ग.

ओळ तिचीच होती, ती चुकीचीच होती, तीही तिने दुरुस्त केली. प्रश्न पुढचा होता. तिने आम्हाला विचारलं, ‘सर, आता मी पुन्हा त्यांना लिहू? एकदा तोंडघशी पडलेय. ऑफिसात सगळे म्हणतात, जाऊ दे, आपलं काम झालं ना. आणि खरं सांगू? यात माझी ओळ चुकीची होती, हे पुन्हा एकदा सगळ्यांना दिसणार.’

आम्ही तिला विचारलं, ‘या वेळी मधली पायरी केलीस का?’ ती म्हणाली, केली. मानकातला नियम वाचला होता: कॉन्स्ट वस्तूवर कॉन्स्ट नसलेलं फंक्शन पत्त्यावरूनही चालवता येत नाही. डेअरी, फॅट, पावती सगळं काढून टाकून प्रोग्रॅम अकरा ओळींवर आणला होता, म्हणजे दुसऱ्या कशाचा संशय उरू नये. आणि एकाच्या मतावर न राहता तीन कंपायलरांची साक्ष घेतली होती. यातल्या कुठल्याच गोष्टीला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. पण कारणदोष सिद्ध करणं म्हणजे नेमकं हेच. आम्ही एवढंच म्हटलं, ‘मग लिही. आणि पहिल्या वाक्यात मागच्या मेलबद्दल माफी माग.’

तिने तसं लिहिलं. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: चूक मान्य, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. माफीबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नाही, हे तिला थोडं लागलं.

(सभागृहातून प्रश्न: आणि त्या आजींच्या रुपयाचं काय झालं?)

आम्ही म्हटलंच होतं, हा प्रश्न येणार! पाटीवर लिहिलेला दर हा केंद्राने दिलेला शब्द, म्हणून ३५ धरून त्या दहा दिवसांची सगळी बिलं पुन्हा काढली आणि फरक पुढच्या बिलात जमा केला. ते करायला तिला आपल्या वरिष्ठांना सांगावं लागलं की दोष कंपायलरचा नव्हता, माझा होता. आधी त्यांना उलट सांगून झालं होतं. आमच्या मते दोन महिन्यांतलं सर्वांत अवघड काम ते होतं, अकरा ओळींचं नव्हे.

तेव्हा आज आपण काय पाहिलं, ते एकदा सांगतो. कॉन्स्ट हा वस्तूचा गुणधर्म असेल किंवा पाहणाऱ्याने दिलेला शब्द असेल. कोणता ते आधी ठरवा. कंपायलर त्या शब्दाचा साक्षीदार आहे, आणि आपण खोटा शब्द दिला तर त्याची साक्षही आपल्याला खोटी वाटेल. साक्षीदारही चुकतो, आणि तसं झालं की गप्प बसायचं नाही. मात्र त्याला खोटं ठरवण्याआधी स्वतःची उलटतपासणी झाली पाहिजे.

पुढच्या वेळी ‘अव्याख्यात वर्तन’ या कल्पनेवर बोलू. नियम जिथे गप्प बसतो तिथे नेमकं काय असतं, हा प्रश्न आज आपण घाईने ओलांडला. प्रश्न असतील तर जरूर कळवा.